गळ्यातला तुकडा

गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि माझा आवाज गेला. पार गेला असंही नाही. पंक्चर झालेल्या ट्यूबसारखी नुसती हवा यायची. देवपूरच्या शाळेत मी चौथीचा वर्ग घेत होते. टेबलावर डस्टर आपटून शिकवणं म्हणजे काय, ते मला विचारा. पण खरं दुःख वेगळंच होतं. आमच्या भाऊबंदकीत, म्हणजे एका कुळाच्या घरांत, श्रावणात कानबाई देवी बसते; तिची गाणी पुढे होऊन म्हणायचा मान माझा. मी ओळ टाकायची, बाकीच्या बायांनी ती उचलायची. त्या श्रावणात मी नुसत्या टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन रडले.

मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. स्वरयंत्रात दोन पट्ट्या असतात. बोलताना मिटतात, श्वास घेताना उघडतात. माझी डावी उघडीच राहून गेली होती. बाहेरून सिलिकॉनचा तुकडा बसवून तिला मध्ये ढकलायचं. उजवी येऊन टेकली की आवाज.

"पण मग डावी तिथेच राहणार," ते म्हणाले, "आणि श्वासाचीही वाट तीच आहे. आवाज जितका भरेल, तितकी वाट अरुंद."

ऑपरेशनला फक्त गळा बधिर केला होता. मी बोलायचं आणि त्यावरून त्यांनी तुकडा कमीजास्त सरकवायचा. "आकडे म्हणा," डॉक्टर म्हणाले. मी कानबाईचं गाणं धरलं. आकडे म्हणायला का मुंबई गाठली होती? "आणखी जरा," मी म्हणत गेले. शेवटी त्यांनी हात आखडला. "बस. यापुढे गेलो तर गाणं म्हणाल, पण जिना चढणार नाही."

सूज उतरली, आवाज आला आणि सोबत शिट्टीही आली. भरभर चाललं की श्वास आत घेताना वाजायची. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुकडा थोडा बारीक करू; दम कमी लागेल, आवाज जरा पोकळ होईल. घरातले सगळे लगेच तयार. सासरे, म्हणजे आमचे नाना, सर्वांत आधी.

"जीवपेक्षा गानं मोठं शे का?"

"दम मना शे, नाना. मी पुरवीसन वापरसू."

दम माझा आहे, मीच तो पुरवून वापरेन, हे ऐकून ते महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मीही काही मागे सरले नाही.

पुढच्या श्रावणात कानबाई पांझरा नदीवर विसर्जनाला निघाली. मी पुढे झाले. पहिली ओळ नीट गेली. दुसरीला, चालता चालता, मध्येच दम संपला आणि शिट्टी वाजली. बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"तू नुसती चाल व माय," जाऊ म्हणाली, "मी म्हनसू."

मी भर रस्त्यात उभी राहिले. मागे कानबाई डोक्यावर घेतलेली बाई थांबली, वाजंत्री थांबली. मागून कुणी तरी ओरडलं, "चाला ना, ऊन व्हयनं."

नाना पुढे पुरुषांत होते. ते वळले. आता सगळ्यांसमोर बोलणी बसणार, हे मी धरूनच चालले होते. त्यांनी हात वर केला.

"थांबा रे बठ्ठा. तिले दम लेवू द्या."

कानबाई थांबलेली, अख्खी भाऊबंदकी उन्हात उभी. मी कसलीही घाई न करता शिट्टी वाजवत पोटभर श्वास घेतला आणि पुढची ओळ टाकली.