माझ्या पॅनेलचा उपाध्यक्ष

मेलबर्नच्या दुसऱ्या लॉकडाउनमध्ये मी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक हरलो आणि त्याचं खापर मित्राच्या डोक्यावर फोडलं. आज सरळ लिहितोय, कारण इतकी वर्षं मी ही गोष्ट फिरवून फिरवून सांगत आलोय, आणि दर वेळी त्यात मी थोडा बरा दिसतो.

आमच्याकडे पॅनेल करून उभं राहायची पद्धत. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीनं प्रचार करतात, मतं मात्र दोघांना वेगवेगळी पडतात. मी शहराच्या पूर्वेकडच्या ग्लेन वेव्हर्लीचा, मंडळात जुना. पूर्वेकडची घरं माझ्या खिशात होती, निदान मला तसं वाटायचं. पश्चिमेला ट्रुगानिनाच्या बाजूला सगळी नवी, तरुण कुटुंबं. तिथे मला कुत्रं विचारत नव्हतं. म्हणून उपाध्यक्षपदाला मी त्या मित्राला घेतलं. तो ट्रुगानिनात राहायचा. मूळचा नागपूरचा, बौद्ध, चार वर्षं माझ्याबरोबर एकाच प्रोजेक्टवर काम केलेला. लॉकडाउन लागल्यापासून तो आणि त्याची बायको जाण्यायेण्याची परवानगी होती त्या पाच किलोमीटरच्या आतल्या, भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना घरून डबे पोचवत होते. पोरांची कामं सुटली होती आणि सरकार त्यांना काही देत नव्हतं. आमच्या पत्रकात मी लिहिलं, 'लॉकडाउनमध्ये आम्ही डबे पोचवले.' मी एकही डबा उचलला नव्हता. पत्रक वाचून तो नुसता हसला.

प्रचार सगळा फोनवर. सभासदांची यादी आम्ही वाटून घेतली होती. मी फोन लावायचो, मुलांची, भारतातल्या आईवडिलांची चौकशी व्हायची, आणि मग हळूच प्रश्न यायचा, "उपाध्यक्षाचं आडनाव काय म्हणालात?" मी सांगायचो. पलीकडून नुसतं, "अच्छा." मी घाईघाईनं जोडायचो, "फार हुशार माणूस आहे हो, सोल्युशन आर्किटेक्ट आहे." माझ्या आडनावाला असला हुद्दा कधी जोडावा लागला नव्हता. हे तेव्हाही माझ्या लक्षात येत होतं, आणि मी पुढचा नंबर लावत होतो.

मतदानाच्या आदल्या रविवारी झूमवर उमेदवारांची सभा झाली. एका बाईंनी विचारलं, नवीन काय करणार? मी ऑनलाइन मराठी शाळेचं पाठ केलेलं उत्तर दिलं. मग तो बोलला. "पाडवा, गणपती, दिवाळी आपण करतोच, आणि मला ते आवडतं. पण चौदा एप्रिलची जयंती पण मंडळानं करावी. माझ्यासारखी कितीतरी घरं मेंबर आहेत. फी इथे भरतो आणि त्या दिवशी आमचा आम्ही वेगळा हॉल बुक करतो. असं का?"

आवाज चढवला नाही, काही नाही. साधं विचारलं. चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, 'मंडळात राजकारण नको.' मी अनम्यूट होऊन म्हणालो, "हे त्यांचं वैयक्तिक मत आहे. पॅनेल म्हणून आपण सगळ्यांना धरून चालू." तो कॅमेऱ्याकडे बघत राहिला.

आठवड्यानं निकालाची मेल आली. आम्ही दोघंही पडलो होतो. माझी मुलगी माझ्या खांद्यावरून स्क्रीन वाचत म्हणाली, "बाबा, काका गॉट मोअर व्होट्स दॅन यू."

"ते पद वेगळं असतं," मी म्हणालो आणि लॅपटॉप मिटला. त्याला माझ्यापेक्षा बरीच जास्त मतं होती. तो थोडक्यात पडला होता, मी सपाटून. ज्या पूर्वेच्या घरांचा मी इतका भरवसा धरला होता, त्यांतल्याही काहींनी त्याला मत देऊन मला वगळलं असणार, त्याशिवाय तो आकडा होत नव्हता. इतका हिशेब मला येतो.

तरीही त्याच दुपारी, आमच्या कार्यकर्त्यांच्या झूमवर, कुणीसं म्हणालं, "त्या एका वाक्यानं घात केला. त्याला घ्यायलाच नको होतं." आणि मी मोठ्या मनाचा आव आणून म्हणालो, "चूक माझीच आहे. मीच त्याला घेतलं." चौघांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं. आजही कबूल करतो, त्या क्षणी हरल्याचं दुःख जवळजवळ गेलं.

तो डबे द्यायला गेलाय असं मी धरून चाललो होतो. तो गाडीतून, कॅमेरा बंद ठेवून जॉइन झाला होता. मीटिंग संपता संपता हजर असलेल्यांच्या यादीत मला त्याचं नाव दिसलं.

दोन दिवस मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच केला.

"निकालाची मेल नीट वाचलीस ना?" त्यानं विचारलं.

"वाचली."

"मग ठीक आहे. वेस्टच्या मतांसाठी मला घेतोयस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याचं काही नाही रे, इलेक्शनमध्ये तसंच असतं. पण झूमवर मी बोललो तेव्हा तू एक वाक्य माझ्या बाजूनं बोलशील असं वाटलं होतं. एवढंच सांगायला फोन केला."

सॉरी म्हणायचं मी पक्कं ठरवलं होतं. दोन दिवस मनात तेच घोळवत होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "तसं नाही रे, पण बोलायच्या आधी तू मला विचारायला हवं होतंस."



"तुला विचारून?" तो एवढंच म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.