उस्कुदारच्या घरातला पाळणा

परवा भाचेसुनेचा बंगळूरच्या एचएसआर लेआउटहून फोन आला. "मावशी, आम्ही इस्तंबूलला चाललोय. तुम्ही गेला होतात ना? काहीतरी सांगा की!" फोनवर मी हवामानाचं आणि खाण्यापिण्याचं सांगितलं. उरलेलं इथे लिहिते.

साठच्या दशकाची सुरुवात होती. हे बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. प्रशिक्षणासाठी जर्मनीला गेले आणि शेवटी शेवटी मलाही बोलावून घेतलं. त्याआधीच्या वर्षी आमची मुलगी तापानं गेली होती, रांगायलाही लागली नव्हती. तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. ह्यांनी नाही, मीही नाही. परतीच्या तिकिटावर वाटेत उतरायची सोय होती, तेव्हा हे म्हणाले, "जाता जाता इस्तंबूल बघू. तुला जरा बरं वाटेल."

उतरलो ते पावसातच, आणि निघेपर्यंत तो थांबला नाही. तुम्ही हिवाळ्याच्या तोंडावर जाणार असाल तर छत्रीपेक्षा चांगले बूट न्या. तिथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. आता सामुद्रधुनीवर पूल आहेत म्हणे. तेव्हा पलीकडच्या उस्कुदारला बोटीनंच जावं लागे. बोटीवर कंबर बारीक असलेल्या छोट्या पेल्यांतून कोरा चहा मिळायचा आणि तीळ लावलेलं पावाचं कडक कडं. बोटीचं भाडं किरकोळ. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. लिंबू पिळलेलं मसुराचं सूप आणि तेलात मुरवलेली वांगी यांवर आम्ही मजेत राहिलो.

उस्कुदारला नेरीमान हानिम, म्हणजे आपल्याकडच्या नेरीमानबाई, अशा एका विधवा बाईंच्या लाकडी घरात खालची खोली मिळाली. त्यांचे यजमान रेल्वेत जर्मन लोकांबरोबर काम करायचे, त्यामुळे बाईंना मोडकंतोडकं जर्मन येई. ह्यांच्याशी त्या बोलत आणि हे मला मराठीत सांगत. दारात पायताण काढलं की त्या घरातल्या सपाता पुढे ठेवत, मग ओंजळीत लिंबाच्या वासाचं कोलोन ओतत. पाहुण्याचं स्वागत असं. मोठ्यांचा हात ओठांना आणि मग कपाळाला लावायचा, हेही त्यांनीच शिकवलं. मी तसं केलं, तेव्हा त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरून आवाज येऊ लागला. खट्… खट्… संथ, एका लयीत.

"अहो, ऐकलंत का?"

"पाऊस आहे. जुनं घर, लाकूड वाजतं," हे म्हणाले. पेपरमधून मान वर केली नाही.

मी जिना चढून गेले. खोलीत काहीच नव्हतं, फक्त जमिनीवर ठेवायचा एक लाकडी पाळणा. खिडक्या घट्ट लावलेल्या. वाऱ्याची झुळूक नाही. आणि पाळणा डुलत होता. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात आपल्याकडे. इथे तर हलवणारंच कुणी नव्हतं. 

मागून बाई आल्या. न दचकता, हाक मारावी तशा म्हणाल्या, "यूसुफ." पाळणा थांबला.

खाली येऊन त्यांनी चहा केला. हे मला सांगत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. "त्यांचं बाळ होतं. झोपेतच गेलं. पावसाची झड लागली की असं होतं म्हणतात. नाव घेतलं की थांबतं." तुर्कस्तानातही रिकामा पाळणा हलवत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

निघायच्या दिवशी दुपारी सामान बांधून झालं आणि पुन्हा तेच. खट्… खट्… या वेळी तिघंही वर गेलो. "यूसुफ," बाई म्हणाल्या. पाळणा डुलतच राहिला. पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं. तो थांबेना. मग त्या सावकाश वळल्या, माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हणताहेत?"

ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "विचारताहेत… हे बाळ तुमचं आहे का."

 हे पुढे झाले, जमिनीवर गुडघे टेकले आणि पाळण्याला हात न लावता, अगदी हळू म्हणाले, "मंजिरी."

पाळणा आणखी एकदा झुलला आणि थांबला.

वर्षभर अडलेलं रडू त्या खोलीत फुटलं. ह्यांचंही.  जिना उतरून आम्ही निघालो तेव्हा बाईंनी दारातून आमच्या पाठीमागे रस्त्यावर लोटीभर पाणी ओतलं. पाण्यासारखं सहज जा, पाण्यासारखं परत या, असा त्यांच्याकडचा निरोप असतो. परत जाणं काही झालं नाही.

बैरूतवरून मुंबई, तिथून रेल्वेनं बंगळूर. घराशी टॅक्सी थांबायच्या आत शेजारच्या पद्मक्का फाटकात हजर. "फॉरिन हेगित्तु? कसं होतं? स्वल्प तरी सांगा!" मी बोट, चहा, वांगी, सगळं सांगितलं. त्या खोलीबद्दल आजवर कुणाशी बोलले नव्हते.

केलेल्या प्रवासांतलं काय उरतं म्हणाल, तर मला मशिदींचे घुमट नीट आठवत नाहीत. पुढे आम्हाला मूल झालं नाही. कारखान्यात, लग्नकार्यात कुणी विचारलंच, तर हे सांगायचे, "एक मुलगी आहे. मंजिरी." 'होती' असं ते शेवटपर्यंत कधी म्हणाले नाहीत. मीही कधी त्यांची चूक काढली नाही.