ठशावरची फुली

आमच्या कलामंडळाची तालमीची खोली वाचावी म्हणून बापू चित्रकारांनी आपल्या दिवंगत पत्नीचा चेहरा लाकडात कोरला आणि त्याच्या मोजक्याच प्रती छापल्या. त्या विकल्या मी, तेही भाजीवाल्यानं लाजावं अशा आवाजात! "घ्या, घ्या, पुन्हा मिळायच्या नाहीत!" संध्याकाळपर्यंत सगळ्या संपल्या आणि मी खुशीत एक गिरकीसुद्धा घेतली.

मग बापूंनी तो लाकडी ठसा मांडीवर घेतला. प्रती संपल्या की ठशावर फुली कोरायची, म्हणजे पुन्हा कुणाला छापता येत नाही, असा रिवाज आहे.

"राहू द्या की बापू! कोण बघतंय?" मी म्हणालो.

"दिवसभर ओरडून शब्द तूच दिलास ना लोकांना?"

"मग निदान एक प्रत तरी ठेवायचीत स्वतःला."

"कागदावर ती सपाट लागते रे," ठशातल्या गालावरून बोट फिरवत ते म्हणाले.

पुन्हा मिळणार नाही त्याचंच आपल्याला मोल. पण ते पुन्हा मिळू नये याची तजवीज कुणाला तरी आपल्याच हातांनी करावी लागते.

बापूंनी पटाशी उचलली, ठशावर वाकले आणि हळूच म्हणाले, "डोळे मीट गं."