सुभेदाराविरुद्ध फिर्याद

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो. हे एक मात्र डोक्यातून जात नाही.

नव्वदच्या दशकात मी साताऱ्यात फौजदार होतो. एका सकाळी उंब्रजची एक बाई ठाण्यात आली. तिचा नवरा लष्करातला निवृत्त हवालदार, लढाईत पाय अधू झालेला. त्याची पेन्शन अडकली होती. ती सोडवून देतो म्हणून शहरातल्या एका निवृत्त सुभेदाराने त्याचं डिस्चार्ज बुक, म्हणजे नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, नेलं, ते परत दिलंच नाही. आणि बुकाशिवाय कचेरीत कोणी दाद देईना.

"मालक तक्रार द्यायचं न्हाईत," ती म्हणाली. "सुभेदारसायबाच्या इरोधात कसं बोलायचं, म्हणत्यात. हिकडं औषदाला पैसं न्हाईत."

नवऱ्याला बोलावलं. काठी टेकत आला आणि फिर्यादीचं नाव काढताच गप्प झाला. आणखी काही माजी सैनिक शोधून काढले. सगळ्यांची बुकं त्याच माणसाकडे अन् सगळ्यांचीच तोंडं बंद. फौज सुटली तरी हुद्दा सुटत नाही, हे मला ठाऊक होतं, पण त्यापायी माझा तपास अडेल असं वाटलं नव्हतं. खरं सांगतो, त्या म्हाताऱ्यांचा राग आला.

मग सुभेदारालाच चौकशीला आणलं. पीळदार मिशा, पायावर पाय. "सेवा करतो गरिबांची," म्हणाला. प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर तयार.

शेवटी रहिमतपूरच्या एका वयस्कर माजी सुभेदारांना विनंती केली. ते सांगतील तर बाकीचे फिर्याद देतील, एवढाच माझा हिशेब. ते ठाण्यात शिरले आणि आमचा पाहुणा खुर्चीतून ताडकन उठला. टाचा जुळलेल्या, नजर समोर.

"राम राम, साब."

रहिमतपूरच्या सुभेदारांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "सुभेदार सुभेदाराला बघून आसा उठत न्हाई. कुठल्या हुद्द्यावर सुटलास रं?"

"लान्स नायक, साब." म्हणजे हवालदाराहूनही दोन पायऱ्या खाली.

पुढचं त्याने आपणहून सांगितलं. बुकं अडकवून ठेवायची आणि पेन्शनीत वाटा मागायचा, हा त्याचा धंदा. पंचांसमक्ष झडती घेतली, खोलीतल्या ट्रंकेत सगळी बुकं सापडली. आता फिर्यादही आली.

कोर्टाच्या परवानगीने उंब्रजच्या हवालदाराला त्याचं बुक दिलं. बायकोचा चेहरा उजळला. तो मात्र बुक हातात धरून तसाच बसून राहिला.

"पेन्शन मिळंल वो, साहेब," तो म्हणाला. "पर ह्या पायावर मी त्येच्यापुढं सावधान उभा ऱ्हायलो. आन् त्यो लान्स नायक."

भीतीने गप्प बसलेल्याला बोलतं कसं करायचं, हे आम्हाला खात्यात शिकवलं होतं. आदराने गप्प बसलेल्यांचं काय करायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं. पुढे कुठे फिर्यादीच मिळेनासा झाला, की तिथली माणसं कोणाला मान देतात, हे मी आधी विचारू लागलो.