इंग्रजीचं इंग्रजीत

पिंगळी स्टेशनावरचे तिकीटबाबू उर्दू शाळेत शिकलेले. ते ‘इस्टेशन’, ‘इस्टाप’ म्हणत आणि आपलंच इंग्रजी सगळ्यांत शुद्ध समजत. मद्रासी गार्ड इंजिनाला ‘यंजिन’ म्हणायचा, तर गोरा ड्रायव्हर अर्धे शब्द दाढेखालीच ठेवायचा. त्या दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नसे. मग बाबू टोपी नीट करून, घसा खाकरून, इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत चालत जात आणि इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर पोचवत.

एका दुपारी मालगाडी स्टेशनात उभी होती. गावातली एक बाई बाळंतपणात अडली, म्हणून घरच्यांनी तिला बाजेवर घालून तिथं आणलं. परभणीची सवारी गाडी संध्याकाळी होती. नवरा हात जोडून म्हणाला, “बाबूजी, हिला या गाडीत तर घ्या. लय हाल व्हायलेत.”

बाबूंनी ड्रायव्हरला विचारलं. तो मान झटकून “नो, नो!” ओरडला. एवढं तिथं फलाटावर उभं राहून ऐकणाऱ्या मलाही कळलं. बाबू शांतपणे गार्डाकडे गेले आणि साहेब घ्या म्हणतात, असं त्याला सांगून आले. बाज गार्डाच्या डब्यात चढली आणि गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. परभणीच्या दवाखान्यात बाई सुखरूप सुटली होती, मुलगी झाली होती.

मी बाबूंना हळूच विचारलं, “बाबूजी, साहेब तर ‘नो’ म्हणायलते की.”

“तुमाला काय कळतंय?” बाबू म्हणाले. “विलायतेत ‘येस’चा उच्चार तसाच करतात.”