व्हिटकमचं अर्धं काम

एरेन्दिरा वापे हिला व्हिटकमला नोकरीवरून घालवायचं होतं, आणि ते ती लपवत नसे. लेट्यूसच्या शेतांच्या खोऱ्यातल्या त्या अमेरिकन शाळेत मुलांच्या बुद्धीची, लक्षाची तपासणी करणारे दोघेच होते, म्हातारा व्हिटकम आणि ती.

लहानपणी ती मेक्सिकोतल्या मिचोआकानहून इथे आली, तेव्हा याच व्हिटकमने तिला खोलीत बसवून इंग्रजीत प्रश्न विचारले होते. बाहेर धाकटा भाऊ रडत होता. थोरलीने धाकट्याकडे कान ठेवायचा, ही घरची शिकवण. ती दाराकडे बघत राहिली. व्हिटकमच्या नजरेला नजर दिली नाही, कारण मोठ्यांकडे रोखून बघणं उर्मटपणाचं. जेवणाच्या सुट्टीआधी त्याने निकाल लावला. एडीएचडी. लक्ष टिकत नाही. तिची वर्षं मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात गेली. बाप मरेपर्यंत तिला डोक्याने अधू समजत राहिला.

दिवसा लेट्यूस कापून, संध्याकाळी शिकून ती तपासनीस झाली आणि व्हिटकमच्या शेजारच्या खोलीत येऊन बसली. मग त्याचे जुने निकाल उकरायला घेतले. मुलाच्या घरी जायचं, त्याच्या भाषेत बोलायचं, आजीलाही विचारायचं. असे त्याचे तीन निकाल तिने उलटे केले. आणखी एक उलटला की मुख्याध्यापिका त्याला घरी पाठवणार होती.

तो निकाल होता नायेली नावाच्या मुलीचा. तिलाही व्हिटकमने एडीएचडी ठरवलं होतं. तिची आई चायो भाजीच्या शेडमध्ये खोकी भरायची. एरेन्दिरा गेली तेव्हा घर लख्ख होतं, धाकटी मुलं मावशीकडे होती आणि नायेली इस्त्रीचा फ्रॉक घालून, मांडीवर हात ठेवून बसली होती.

"शहाणी आहे हो माझी पोर," चायो मक्याचे दाणे घातलेलं मटण वाढत म्हणाली. "तो म्हातारा काहीतरी बोलतो झालं. अजून घ्या, बाई. लाजता काय?"

एरेन्दिरा पोटभर जेवली. अगदी माझ्यासारखी पोर, व्हिटकम संपला, असं मनात म्हणत निघाली. वाटेत मात्र तिला टोचायला लागलं. पाहुण्यापुढे घरातलं उणं काढायचं नाही, हे तिच्या आईनेही जन्मभर पाळलं होतं. मांडून ठेवलेलं घर बघून काय कळणार?

शनिवारी ती न सांगता गेली. चुलीवर घेवडा करपत होता. पाळण्यात बाळ रडत होतं. नायेली अंगणात एका पायात बूट घालून मुंग्या बघत होती.

"आजच झालं हो असं," चायो धावत आली.

"रोजच होतं, आई," नायेली म्हणाली. "मी लक्षात ठेवते, पण ते निघून जातं. मग तू मारतेस."

एरेन्दिराला हे ऐकायचं नव्हतं. ती मावशीकडे गेली, चर्चमध्ये शिकवणाऱ्या बाईकडे गेली. सगळीकडे तेच. 'काही नाही' असं लिहिलं असतं तर व्हिटकम गेला असता. पोरगी मात्र आळशी म्हणून मार खात राहिली असती.

बैठकीत ती म्हणाली, "नायेलीला एडीएचडी आहे. तिला मदत हवी."

चायोने तोंड फिरवलं. व्हिटकम खुर्चीत रेलला. "मी हेच अर्ध्या तासात सांगितलं होतं."

"तुम्ही अंधारात दगड मारलात, साहेब. हा लागला. बाकीचे कुणाच्या कपाळात बसले, ते मला ठाऊक आहे." ती मुख्याध्यापिकेकडे वळली. "यांना घरी पाठवा, असं मी आता म्हणत नाही. घरी पाठवलं तर सुटतील. यांच्या जुन्या तपासण्या यांनाच पुन्हा करू द्या. घरोघर. दुभाष्या घेऊन. दोनदा, आणि दुसऱ्यांदा न सांगता."

"मी जूनमध्ये निवृत्त होतोय," व्हिटकम म्हणाला.

"मग उद्याच सुरू करा."

स्वतःच्या तोट्याचं खरं बोललेल्या बाईला नाही म्हणणं मुख्याध्यापिकेला जमलं नाही.

बाहेर चायोने तिला गाठलं. "माझ्या घरचं अन्न खाल्लंत ना, बाई?"

"खाल्लं. म्हणून खोटं लिहू?"

चायो नायेलीचा हात धरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी उन्हात व्हिटकम पहिल्या घरापुढे उतरला. सोबत दुभाष्या. रस्त्यापलीकडे एरेन्दिरा आपल्या गाडीत बसून बघत होती. तो दार वाजवेपर्यंत ती तिथून हलली नाही.