कपाटातले मास्क

आमच्याकडे चांगली वस्तू वापरायची नसते, जपून ठेवायची असते. कोणी आलं-गेलं की काढायची. माझ्या माहेरी काचेच्या कपबशा अशाच वर्षानुवर्षं फळीवर बसून होत्या. हीच सवय घेऊन मी घाटकोपरच्या एका खत प्लांटवर नोकरीला लागले, आणि तिथे तिच्यापायी एक बाई गेली. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

प्लांट म्हणजे हायवेच्या बाजूची एक मोठी पत्र्याची शेड. सोसायट्यांचा ओला कचरा, हॉटेलांतली सालं, भाजीबाजारातला पाला, देवळांचं निर्माल्य, सगळं तिथे यायचं. त्याचे ढीग लावायचे, ते पलटत राहायचं, कुजून खत झालं की वाळवायचं, चाळायचं आणि पिशव्या भरायच्या. मी क्वालिटी सुपरवायझर. लांब दांड्याचा थर्मामीटर ढिगात खुपसून रोज नोंद करायची, सॅम्पल लॅबला पाठवायचं. ढीग पुरेसा तापला नाही तर त्यातले रोगजंतू मरत नाहीत, म्हणून तसा माल मी पुढे सोडायचेच नाही. मालक ओरडू दे नाहीतर गाडी खोळंबू दे. त्याचा मला केवढा माज होता!

चाळणीवर एक मावशी होत्या. मूळच्या जालन्याकडच्या, पन्नाशीच्या, जवळच्या टेकडीवरच्या वस्तीत, वरच्या गल्लीत राहायच्या. घरात त्या आणि मॉलमध्ये काम करणारी मुलगी, बस. खत तयार झालं की नाही ते मावशी मुठीत दाबून सांगायच्या. लॅबचा कागद आठ दिवसांनी तेच सांगायचा. "कशाला पाठवता ताई, मला इचारा की," म्हणून हसायच्या.

मालात ओलावा जास्त निघाला की सॅम्पल नापास व्हायचं. दोनदा झालं तसं. मग मी खत अगदी कोरडं करायला लावलं. चाळण फिरायला लागली की शेडमध्ये समोरचा माणूस दिसायचा नाही, एवढी धूळ. मावशी म्हणाल्या, "ताई, जरा पाणी शिंपडू का? लई उडतंय." मी म्हटलं, "अजिबात नाही हं मावशी, पुन्हा नापास झालं तर माझी वाट लागेल." त्यांनी पदर नाकाला बांधला आणि फावडं उचललं.

त्याच सुमारास मास्कची पेटी आली. चांगले, जाड, बारीक धूळ अडवणारे. मी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं. आत्ता वाटले तर दोन दिवसांत काळे होतील, मग सुरक्षेच्या ऑडिटला काय दाखवायचं? ऑडिट पुढे ढकललं, पुन्हा ढकललं. शेवटी ऑडिटचे साहेब आले त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडाला पांढरेशुभ्र मास्क होते. साहेब खूश, फोटो काढले. आणि संध्याकाळी मी ते सगळे परत गोळा करून घेतले. चांगले होते ना अजून! सगळ्यांनी ते काढून माझ्या हातात दिले. मला स्वतःलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे जास्त वाईट.

मावशींचा खोकला तेव्हा सुरू झालेला होता. मी त्यांना खोकल्याच्या गोळ्या आणून दिल्या, ओव्याचा काढा सांगितला. किती ते प्रेम! पुढे त्यांना गल्लीच्या पायऱ्या चढवेनात. मध्येच बसायच्या. मग बोलता बोलता दम लागायला लागला, तेव्हा मी आणि मुलगी त्यांना हॉस्पिटलमध्ये घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, बुरशीची धूळ वर्षभर छातीत गेली आहे, फुप्फुसं कडक झालीत, ती आता पूर्ववत होणार नाहीत. मग त्यांनी विचारलं, "कामावर मास्क देत नव्हते का?"

मी तिथेच उभी होते. मी तोंड उघडायच्या आत मावशी बोलल्या, "देत व्हत्या की ताई. मीच घालत नव्हते. जीव घुसमटतो त्यात."

डॉक्टरांनी तसं लिहिलं. मुलगी औषधं आणायला खाली गेल्यावर मी विचारलं, "मावशी, असं का सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "तुमच्या नोकरीवर आलं असतं ना. माझं काय, आता झालंच." मला रडू आलं. पण मी डॉक्टरांकडे परत गेले नाही. प्लांटच्या ऑफिसातून मावशींच्या आजारपणाचा फॉर्म आला, त्यातही 'मास्क दिला होता, वापरला नाही' असंच लिहून खाली सही केली. भ्याले मी, दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी कुलूप काढून सगळ्यांना मास्क वाटले, चाळणीवर पाण्याचा फवारा बसवून घेतला. तरी सॅम्पल पास झालं. फवाऱ्यानंतर खत दोन दिवस सावलीत पसरून ठेवायचं, एवढंच लागत होतं.

मावशी दोन महिने घरी ऑक्सिजनवर होत्या. मग गेल्या.

पंधरा-वीस दिवसांनी मुलगी प्लांटवर आली, आईचा डबा आणि चपला न्यायला. मी तिला चहा दिला. ती म्हणाली, "ताई, तुम्ही खूप सांभाळलंत तिला, ती नेहमी सांगायची. पण आईच हट्टी हो. मास्क घातला असता तर आज असती."

माझ्याच्याने ते ऐकवेना. म्हटलं, "हट्टी नव्हती गं ती. मास्क मी दिलेच नव्हते. कपाटात ठेवले होते, ऑडिटसाठी. ती माझ्यासाठी खोटं बोलली."

मला वाटलं, आता शिव्या घालेल, ओरडेल. घालू दे, हक्क होता तिचा. पण तिने कप खाली ठेवला.

"दोन महिने मी तिला रोज बोलत होते," ती म्हणाली. "खोकली की बोलायचे, तुझ्याच हाताने ओढवून घेतलंस म्हणून. गेली त्या सकाळीपण बोलले. ती नुसतं हो म्हणाली."